काठावरचे जर्दाळू

— बस रे, करवत काय पळून जातेय? कॉफी घे आधी. तू लाइलचा थोरला ना, टेट? मग परक्यासारखा उभा काय राहतोस! झाडं कापायचीयत, ठाऊक आहे मला. ठराव कालवा मंडळाचा, मंडळाचा अध्यक्ष कोण? — मी, डेलबर्ट होस्टेटलर! सही माझीच. मी कुठे नाही म्हणतोय? कॉफी घे एवढंच म्हणतोय.

कालवा वॉशिंग्टनचा होता ना, तेव्हा दर वसंतात त्यांचा एक इंजिनिअर यायचा. कालव्याच्या या भरावावर उभा राहून म्हणायचा — होस्टेटलर, ही झाडं सरकारी जागेत आहेत, मुळं भराव पोखरतील, काढून टाका. मी म्हणायचो, काढतो साहेब. मग आमची ट्वायला त्याच्या गाडीत जर्दाळूच्या मुरंब्याच्या बरण्या ठेवायची — की पुढच्या वसंतापर्यंत सरकार गायब! तरी डोकं फिरायचंच माझं. लग्न झालं त्या साली तिनं हातानं लावलेली झाडं, आणि दोन हजार मैलांवरचा कुणी उपटसुंभ ती काढा म्हणणार? म्हणून तर मी सभा घेतल्या, टेबलावर मुठी आपटल्या — आपलं पाणी, आपला कालवा, आपला कारभार! तुझा बाप पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटत होता, विचार त्याला.

आणि दिला की त्यांनी कालवा! इतक्या हसतमुखानं दिला, की तेव्हाच शंका यायला हवी होती. हिशेब करणारी एक बाई आली होती तिकडून, म्हणाली — आजपासून केंद्राच्या तिजोरीवरचा बोजा उतरला. आम्ही उठून टाळ्या. उतरला तो कुणाच्या डोक्यावर उतरला, हे विचारलं कुणी? मी नाही बाबा विचारलं — मी केक कापत होतो! आता कालव्याचा दरवाजा गंजला, आपला. बोगदा ढासळला, आपला. पूर्वी दुरुस्तीत निम्मा वाटा त्यांचा असायचा, आता शिव्या घालायलासुद्धा वॉशिंग्टन उरलं नाही — पाणीपट्टी वाढली की लोक सरळ माझ्या घरी फोन करतात, तेही नेमके जेवायच्या वेळी.

आणि गळती लागावी कुठे? अख्ख्या कालव्यात जागा मिळाली ती नेमकी या झाडांच्या मुळांशी! पाणी बंद, खाली तुझ्या बापाचा घेवडा माना टाकून पडलाय, दिसतंय मला, आंधळा नाही मी. काँक्रीटचं अस्तर केलं तर झाडं वाचतात — मांडलं मी बैठकीत, अगदी तांत्रिक मुद्दा म्हणून मांडलं हो — पण मग सगळ्यांची पाणीपट्टी तिप्पट. मंडळातल्या बर्निसनं चष्म्यावरून बघितलं माझ्याकडे, म्हणाली, डेलबर्ट, तुझ्या बायकोच्या मुरंब्यासाठी आम्ही का भरायचं? तिच्या परसात स्वतःचे जर्दाळू आहेत, तिला बरणीनं गप्प करता येत नाही! हात वर झाले. पाचच्या पाच. पाचवा माझा.

ट्वायलाला सांगितलंय ना — म्हणजे — सांगितलंय असं, की वॉशिंग्टननं जाता जाता काढलेला शेवटचा हुकूम आहे हा. काल जेवताना केवढ्या शिव्या घालत होती त्यांना! मीही घातल्या. दोघांनी मिळून घातल्या. फार बरं वाटलं रे... हसू नकोस. चाळीस वर्षं मी तिला म्हणत आलो, यांना जाऊ दे एकदा, मग तुझ्या झाडांना हात लावायची कुणाची छाती होते बघू. आता कुठल्या तोंडानं सांगू, की हात वर केला तो मी?

— थांब. घराचं दार वाजलं. आलीच ती. तुला सरकारचा माणूस म्हणून खपवलं असतं, पण तुझी लंगोटं बदललीयत तिनं. विचारेलच, लाइलच्या पोराला कुणी पाठवलं म्हणून. ऊठ. ती कॉफी राहू दे. ऊठ म्हणतो ना! करवत सुरू कर — ती पायऱ्या उतरायच्या आत. जोरात कर, मला काही ऐकू येता कामा नये.