जवाईबापू रुसले

कांता : गाडीतून उतरता का नाई जी? कबड्डी सुरू झाली.

डोमाजी : नाई.

कांता : अवो, नवरी सोता खेळून राह्यली! लुगड्याचा कासोटा मारून. तिकडून नवरदेव, इकडून आमची वर्षाली. जो हारंल त्याचा पक्ष भांडे घासणार.

डोमाजी : मंजे भांडे बी सोयऱ्यांनीच घासाचे. हे लगन हाय का शिबिर? तुह्या बापाचा मी एकुलता एक जवाई. बगीच्याच्या फाटकात पाय ठेवला, तर नवरदेवानं हातात विळी देल्ली. म्हणे, काका, कांदे चिरा.

कांता : सगळ्याइलेच काम देल्लं त्यानं. तहसीलदार वरण ढवळून राह्यले.

डोमाजी : तहसीलदार काही या घरचे जवाई नाई.

कांता : पत्रिकेत साफ लिहलं होतं. आहेर नाई, टोपी-दुपट्टा नाई, मानपान नाई.

डोमाजी : पत्रिकेत लिहाले काय जाते? आपल्या पत्रिकेत 'लग्न वेळेवर लागेल' असं लिहलं होतं.

कांता : सकाळपासून या बोलेरोत बसले तुमी. आलं कोणी मनवाले?

डोमाजी : येतीन.

कांता : कसे येतीन? तुमी रुसले हे कोणाले मालूमच नाई!

डोमाजी : जवाई गाडीत बसला, काचा वर हायेत, मंजे रुसला. हे काय दवंडी पिटून सांगाचं? तुह्या मोठ्या भाचीच्या, सरिताच्या लग्नात तुह्या भावानं हात जोडले होते. मोनालीच्या लग्नात अंगठी घातली, तवा उतरलो.

कांता : आज अंगठी नाई, कांदे हायेत. अन् आयका, आज भटजी बी नाई. घरच्या बायांनी एकेक मंगलाष्टक जुळवून आणलं. माह्यं दुसरं हाय. महिनाभर सयपाक करता करता घोटलं मी ते.

डोमाजी : मंग जाय न तू. मी धरून ठेवलं काय?

कांता : मी गेली का तुमी गाडी सुरू करता. राकेशच्या लग्नात तळेगावपर्यंत गेलते. लग्न सोडून अर्धी वरात तुमच्या मांगं.

डोमाजी : थांब. तुहा भाऊ येऊन राह्यला. आता पाय. तू काही बोलू नको.

ताराचंद : (काचेवर टकटक करत) जवाईबापू! काच खाली घ्या जी. बाई, तू बी इथंच? बरं झालं सापडले तुमी. मोठी पंचाईत झाली, नवरदेवाचे मामा रुसले!

डोमाजी : कोण रुसलं?

ताराचंद : मामा. त्याइले बी कांदेच देल्ले होते. ट्रॅक्टरवर जाऊन बसले, उतरतच नाई. पोरीचा बाप मी, काय करू? म्हटलं जवाईबापूले विचारू. तुमच्याइतका अनुभव आपल्यात कोणाले हाय?

डोमाजी : तुले मीच दिसलो?

ताराचंद : तुमी आराम करून राह्यले, रिकामे दिसले.

कांता : सांगा न जी. विचारून राह्यला तो.

डोमाजी : तू हासू नको. आयक रे ताराचंद. पोट्टे पाठवू नको, पोट्टे हासतात. समजावत बसू नको, समजावलं का माणूस आणखी फुगते. तू सोता जाय अन् बाजूले उगामुगा बस. त्याले दिसलं पायजे, का आपल्यासाठी एक माणूस लग्न सोडून बसला. बस, तेवढंच लागते. टोपी-दुपट्टा त बहाना असते.

ताराचंद : मंजे बाई बसली तसं?

डोमाजी : आं?

ताराचंद : बाई बसली न तुमच्यापाशी, तसंच न? समजलं. जातो मी. अन् बाई, कबड्डी सरली, आपण हारलो. आता मंगलाष्टकं हायेत, लवकर ये वं.

डोमाजी : कांता.

कांता : काय?

डोमाजी : सरिताच्या लग्नात मंगलाष्टकाच्या टायमाले तू कुठं होती?

कांता : इथंच. तुमच्या बाजूले.

डोमाजी : अन् मोनालीच्या?

कांता : इथंच. काच जराशी खाली करून आयकले. बॅण्ड बंद झाला का आयकू येते.

डोमाजी : मले कवा बोलली नाई.

कांता : तुमी रुसून होते.

डोमाजी : …चाल. उतर खाली. जाय पुढं, तुहा नंबर जाईन.

कांता : अन् तुमी?

डोमाजी : येतो मी मांगून. पण कोणी विचारलं त सांगजो, का मले मनवून आणलं.

कांता : कोणी विचारत नाई जी. चाला.