देगूला शिकलेला मान

आमचा शेठ देगूला जाऊन आला, त्याचं ऐका. देगू म्हणजे कोरियातलं मोठं शहर, कापडाचं, आपल्या सुरतसारखं. तिथले नवे माग बघून आला आणि आम्हा कारागिरांना म्हणाला, "तिथं जडीबुटीचा जुना बाजार अजून तसाच आहे, आणि शहरभर नवे कारखाने. जुना माग तर काचेत ठेवतात. जुन्याला मान द्यावा तर त्यांनी."

नवे माग आले आणि आम्हाला घरी बसवलं; मी लारीवर, म्हणजे हातगाडीवर, भाजी विकू लागलो. माझा माग मात्र रंगवून ऑफिसच्या दारात काचेत ठेवला.

दसऱ्याला हळदकुंकू आणि झेंडूचा हार घेऊन कतारगामला शेठच्या कारखान्यावर गेलो. वॉचमननं अडवलं, "काका, हात लावायचा नाही."

तेवढ्यात शेठ आला. "राहू दे भाऊ, कुंकवाचे डाग पडतील. कोरियाचे पाहुणे येणार आहेत."

"शेठ, दरवर्षी याची पूजा मीच करत होतो."

"तेव्हा तो चालत होता ना."

हार घेऊन कोसाडला घरी आलो. दसऱ्याला पोटाला देणारं हत्यार पुजायचं असतं, म्हणून तो भाजीच्या लारीला बांधला. तिला अजून कुणी मान दिलेला नाही, म्हणून ती चालतेय.