चुंबकाला चिकटलेले पप्पा

"हॅलो?… हो, डेल्बर्ट वीव्हर यांचीच नेमबाजीची रेंज. बोला… पोलादी आवरणाच्या गोळ्या? नाही, चालत नाहीत… वरून तांब्याच्याच दिसतात हो, नुसता मुलामा असतो तो. काउंटरवर चुंबक टांगलाय, गोळी चिकटली की ती आत जात नाही… कारण ठिणगी उडते. गोळ्या अडवायला आमच्या मागच्या भिंतीत रबराचा चुरा भरलाय. एकदा पेटला होता, अर्धं छप्पर गेलं…

थांबा. परत बोला बरं… ड्वेन? आवाज कशाला घोगरा काढतोस? फोनवरचा रुमाल काढ आधी."

लॉरेटाने हातातली रिकामी खोकी काउंटरवर आपटली. पप्पांची राख दोघांनी वाटून घेतली त्याला दोन महिने झाले. त्यानंतर सख्ख्या धाकट्या भावाचा हा पहिला फोन, आणि तोही गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"हो, हो… अरे ऐकतेय ना. कुठे कुठे विचारलंस?… बॉयसी शहरातल्या तिन्ही रेंजवर? मग, तिथे काय चुंबक नसतात?… डोंगरात? ऑगस्टात? अरे, गवत वाळून काडी झालंय. पोलादी गोळीला बंदी आहे सगळ्या रानात, पाटी वाचता येते ना तुला?… मग दे टाकून त्या आणि दुसऱ्या घे. रविवारी मर्लकाका आला की त्याला काय, बार उडाल्याशी मतलब… का नाही टाकता येत?… ड्वेन. का नाही?…

कशात भरलीस?…"

ती स्टुलावर बसली. पाठीमागच्या फळीवर लाकडी डब्यात तिच्या वाटणीचे पप्पा होते. मान वळवून तिकडे बघायची तिची हिंमत झाली नाही.

"राख नदीत सोडतो म्हणाला होतास… म्हणाला होतास. जिथे ते मासे धरायचे तिथे. स्वयंपाकघरात बसून मी चमच्या-चमच्याने अर्धी काढून दिली तुला, आणि तू रडलास… हो, ठाऊक आहे, लोक भरतात काडतुसांत. लोक काय वाटेल ते करतात. मला विचारलंस?… कोणी भरून दिली?… गॅरेजमधला माणूस. नाव तरी?… नावही नाही. आणि त्याने हाताला लागल्या त्या स्वस्त गोळ्या लावल्या, आणि तू बघितलंस नाहीस. या काउंटरखाली रांगत मोठा झालास तू, ड्वेन. दात यायच्या वयात तो चुंबक चावायचास… किती आहेत?… बारा. बरं. पप्पा बारा काडतुसांत.

नाही… रविवारी त्यांचा वाढदिवस आहे, मला नको सांगूस. सगळे त्यांच्या बंदुकीतून एकेक बार काढणार, छान… नाही… नाही म्हटलं ना… हो, त्यांचीच रेंज. आणि नियमही त्यांचाच. आग लागली तेव्हा आत कोण धावलं होतं? हाताची साल निघाली होती त्यांच्या. मी बँडेज बदलायचे रोज. तू कुठे होतास?… टेक्सासात. फुलं पाठवलीस. सुकलेली आली.

'एकदाच' काय? हॅनसन आठवतो?… तोच, लंगडा. आजोबांच्या लढाईतल्या गोळ्या घेऊन आला होता, हीच शेवटची आठवण म्हणून डोळ्यांत पाणी. पप्पांनी चुंबक लावला आणि काय म्हणाले?… म्हण ना. तूच नक्कल करायचास… हो. 'आजोबांना घरी घेऊन जा.' गावभर तुसडे म्हणून नाव झालं, पण आत नाही सोडलं.

तू लावलास चुंबक?… आणि?… बाराही?"

काउंटरवरचा चुंबक दोरीला लोंबत होता. लॉरेटाने तो मुठीत धरला. हसू येत होतं, म्हणून तिला आणखीच राग आला. जन्मभर ज्यांनी लोकांना इथून परत पाठवलं, ते स्वतःच आता आत येऊ शकत नव्हते.

"ऐक. मध्ये बोलू नकोस. रविवारची वाट बघू नकोस, आत्ता ये. मागच्या दाराने. काडतुसातून गोळी उपटायचा हातोडा काढून ठेवते… हो, बाराही. तू ठोकायचं, मी डबा धरणार. एक कणही सांडला तर… रविवारी मर्लकाका येऊ दे, गोळीबाराला नाही, दफनाला. आईशेजारी जागा आहे, ती त्यांनीच घेऊन ठेवली होती. अर्धे नाही, अख्खे जातील…

बंदुकीची दारू मिसळलीय?… मिसळू दे. त्यांच्या कोटाला आयुष्यभर तोच वास होता, आईला कळायचंही नाही…

नाही. माफबीफ काही केलेलं नाही. डोक्यातून काढ ते… काय झालं? रडतोस?… जूनमध्येही रडला होतास.

पप्पांना घरी घेऊन ये."

तिने फोन ठेवला.