राजवाड्याचे दार देवूने खाल्ले, या बोलण्याबाबत

जबाब, दि. ११/०२/२०२५

मी, देवू भिका वरठा, वय ६२, धंदा पहारेकरी, सध्या राहणार मुलीकडे, सालवड, ता. पालघर. समक्ष पोलीस ठाण्यात येऊन, विचारल्यावरून सांगतो की,

आमच्या डोंगरावर जुन्या संस्थानच्या राजांचा राजवाडा आहे. तेथे मी एकतीस वर्षे राखणीला आहे. झुंबरे, आरसे, फरश्या एकेक करून गेल्या. त्या कोणी नेल्या हे मला विचारलेले नाही, म्हणून सांगत नाही. पुढचे सागवानी दार तेवढे राहिले होते. ते लोटायला दोन माणसे लागत.

मागील एप्रिलमध्ये शूटिंगवाले आले. त्यांनी प्लायवूडचे तसेच दार रंगवून आणले व खरे काढून पडवीत ठेवले. मालक धाकटे राजे पुण्याला असतात. ते फोनवर म्हणाले, "देवू, ते सांगतील तसं कर." शेवटच्या दिवशी मला पाणी आणायला पाठवले. परत आलो तेव्हा ट्रक गेला होता, दार चौकटीत होते. मी कुलूप लावले. सकाळी दार एका हाताने उघडले, तेव्हा मी पडवीत जाऊन पाहिले, खरे दार तेथे नव्हते.

राजांना फोन केला. "बघतो," म्हणाले. गावात मात्र देवूने दार खाल्ले असे झाले. माझी बायको नवसी धवलेरी आहे, आमच्यात लग्न तीच गाऊन लावते. या हंगामात तिला एकाही घरून बोलावणे आले नाही. म्हणून आम्ही मुलीकडे आलो. मला याचे फार वाईट वाटते.

दि. ९ रोजी मुलगी भागी हिच्यासोबत एडवणला सुकी मासळी आणायला गेलो. तेथे एका रिसॉर्टला ते दार दिसले. वरच्या बिजागरीत मी ठोकलेली बैलगाडीची खीळ तशीच होती. मी म्हणालो, "ह्ये आमचं दार हाय." मॅनेजर जितेश यांनी कागद दाखवला. भागीने वाचला. धाकट्या राजांनी दार मार्चमध्येच विकले होते.

मालकाने आपली वस्तू विकली तर चोरी होत नाही, हे साहेबांनी समजावले, ते मला पटले. दार परत नको. राजांनी एकदा गावात येऊन, दार मी विकलं, देवूनं नाय, एवढे तोंडाने सांगावे. अशी तक्रार लिहून घेता येत नाही, असे साहेब म्हणाले. तरी लिहा, असे मी म्हणालो, म्हणून लिहिली आहे.

हा मजकूर मुलीसमोर मला वाचून दाखवला. मी बोललो तसाच उतरला आहे, बरोबर आहे.

डाव्या हाताचा अंगठा – देवू भिका वरठा