जागा पसंत पडेना

“इथे ओल आहे. तुमचे गुडघे धरतील.”

आईच्या थडग्यावरच्या रोपाला पाणी घालता घालता शिक्षिकाबाईंचा हात थबकला. शेजारीच एक म्हातारं जोडपं दफनासाठी जागा बघत होतं. आजोबा तर चक्क गवतावर आडवे होऊन अंदाज घेत होते.

“अगं, मेल्यावर कसले गुडघे? बरं, त्या झाडाखाली?”

“पाखरं अंगावर घाण करतील.”

“मग फाटकाजवळ?”

“नको. येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारायची खोड तुमची. झोप नाही व्हायची.”

“डॉक्टरांनी दिलेली मुदत संपत आली, तरी तुला एक जागा पसंत पडेना!”

“नको पडू दे.”

“मग मी काय, जायचंच नाही?”

आजी हळूच त्यांच्याशेजारी गवतात बसल्या.

“नाही जायचं. मला एकटीला नाही हो राहता येणार.”