सुमनकाकूची मनी

हसाल तुमी, पण रानमांजर अन् घरचं मांजर यातला फरक मी एका साहेबापासून शिकलो.

आमच्या सावली गावाले सुमनकाकूले धान कापताना बांधीत, म्हंजे धानाच्या वावरात, एक पिल्लू सापडलं. पाय लांब, शेपटी आखूड. तिनं ते घरी आणलं. मीच म्हटलं, "काकू, हे रानमांजर हाय. जंगलवाल्याईले फोन कर."

साहेब पिंजरा घेऊन आले. पिल्लू काकूच्या मांडीवर गुपचूप झोपलं होतं. पण काकूची पाळलेली मनी अनोळखी माणसं पाहून फिस्कारली अन् तिनं साहेबाचा हात ओरबाडला.

"हेच जंगली!" साहेब ओरडले. काकू "माही मनी हाय" म्हणत राह्यली, तरी ते मनीलेच घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, 'रानमांजर सुखरूप जंगलात'.

काकूनं रडत फोन लावला. "साहेब, तुमी माही मनी नेली. रानातलं इथीच हाय."

"बाई, रानमांजर जंगलात सोडल्याचा कागद बनला. आता तुमच्या घरी जे हाय, ते घरचंच मांजर."

चौथ्या दिवशी मनी आपल्या पायानं घरी आली. अन् साहेबाचं ते घरचं मांजर त्याच दिवशी कोंबडीचं पिलू तोंडात धरून रानात गेलं.