पू नसलेली जखम

नागपुरातल्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर खापरखेड्याच्या सासू-सून बसल्या होत्या. सुनेच्या मांडीवर बेंबीच्या न भरणाऱ्या जखमेवर पट्टी बांधलेलं बाळ.

“काय म्हणे वं डॉक्टर?”

“रक्तात पांढऱ्या पेशी भरपूर हायेत, आई. पण जखमेपर्यंत पोचूनच नाही राहिल्या. जखम हाका मारते, अन् त्या समोरून वाहून जातात.”

“काहून?”

“नसेच्या भिंतीले चिकटून जखमेत उतराले पेशीच्या अंगावर एक साखर लागते, चहातली नाही, येगळी. याच्या पेशींवर तीच नाही.”

“काहीतरीच! जखमेत थेंबभर पू नाही. चांगलीच हाये न जखम!”

“पेशी पोचल्या तरच पू होतो. तुमच्या ‘चांगली हाये’वर महिना गेला.”

“...आता?”

“ती साखर पाजून पाहू म्हणे. रोज पट्टी सोडून पाहायचं.”

“काय पाहायचं?”

“पू.”